बाबांच्या सेटला नवं मॉड्यूल

माझ्या वडिलांनी नागपूरच्या एका शाळेत आयुष्यभर कॅडेट मुलांना विमानं उडवायला शिकवलं. खरी नव्हेत, बाल्सा लाकडाची. मुलाने मैदानाच्या मध्ये उभं राहून तारेला बांधलेलं विमान स्वतःभोवती गरागरा फिरवायचं आणि बाबांनी कडेला उभं राहून त्याच्या चुका ओरडून सांगायच्या, अशी ती विद्या. विमानं आमच्या घरात, जेवायच्या खोलीतच तयार व्हायची. मला, त्यांच्या मुलीला, मात्र त्या विमानांना हात लावायची परवानगी नव्हती. मी डिंकाच्या बाटलीचं हरवलेलं बूच शोधायचं, कॅडेटांना सरबत नेऊन द्यायचं आणि मग लांब उभं राहायचं. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं होतं : बोटं जातील. मुलांची बोटं बहुधा पुन्हा उगवत असावीत.

पुढे मी इंग्लंडला आले, मिल्टन कीन्समध्ये घर घेतलं आणि एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायला लागले. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्या गोड शब्दांत कळवायच्या, हे माझं काम. चाळिशी ओलांडल्यावर एके दिवशी गावाबाहेरच्या रस्त्यावर मला 'मॉडेल फ्लाइंग क्लब' असा बोर्ड दिसला आणि मी गाडी आत वळवली. नवऱ्याला वाटलं, हे महिनाभराचं वेड आहे. वेड टिकलं. मी शिकले, क्लबची परीक्षा पास झाले, आणि एका हिवाळ्यात स्वतःच्या हातांनी एक पिवळं विमान बांधलं. माझी दहाही बोटं अजून जागच्या जागी आहेत.

यंदा मे महिन्यात बाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे राहायला आले. आई गेल्यापासून ते एकटेच असतात. त्यांना काय काय दाखवायचं याची नवऱ्याने मोठी योजना आखली होती, त्यात किल्ले होते, नदी होती, राणीचे जुने राजवाडे होते. माझी योजना छोटी होती. त्यांनी एकदा आमच्या मैदानाच्या कडेला उभं राहावं आणि मला विमान उडवताना बघावं. बघून झाल्यावर 'चांगलं उडवतेस' म्हणावं. पन्नाशीला आलेल्या बाईला ही असली हाव शोभत नाही हे मला माहीत आहे. पण होती, तर होती.

पहिल्या रविवारी बाबांचा गुडघा दुखत होता. दुसऱ्या रविवारी वारा होता. मी म्हटलं, बाबा, वारा आहे म्हणूनच तर मजा आहे, पण त्यांनी शाल ओढून घेतली. तिसऱ्या रविवारी हवा अशी होती की बीबीसीवर हवामान सांगणाऱ्या बाईलाही त्यात खोट काढता आली नसती, तेव्हा ते म्हणाले की बॅटरीवर चालणारं विमान हे काही विमान नव्हे. माझं विमान भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. त्याच्या समोरून ते रोज चहाचा कप घेऊन जात आणि त्याच्याकडे अजिबात बघत नसत. एखाद्या गोष्टीकडे इतक्या निष्ठेने न बघणं सोपं नाही.

मग एका संध्याकाळी त्यांनी बॅगेच्या तळातून एक पुडकं काढलं. टॉवेलात गुंडाळलेलं, टॉवेलाच्या आत वर्तमानपत्र, वर्तमानपत्राच्या आत प्लॅस्टिक, आणि प्लॅस्टिकच्या आत एक ट्रान्समीटर, म्हणजे जमिनीवरून विमान चालवायचा सेट. दोन दांड्यांचा, वर लांब एरियल असलेला, चांगल्यापैकी भारी. ते रिटायर झाले तेव्हा अमेरिकेत गेलेल्या त्यांच्या जुन्या मुलांनी वर्गणी काढून तो पाठवला होता. तेव्हापासून तो शोकेसमध्ये चिनी मातीच्या हरणांशेजारी उभा होता. बाबांनी तो एकदाही सुरू केलेला नव्हता, खराब होईल म्हणून.

बाबा म्हणाले, तुझं विमान या सेटवर उडणार असेल तर मी येतो.

मी तेव्हाच समजून जायला हवं होतं की आता हे उड्डाण माझं राहणार नाही. पण मला फक्त 'येतो' एवढंच ऐकू आलं.

अडचण अशी होती की तो सेट ज्या लहरींवर बोलायचा त्या लहरींवर इथे विमान उडवायला बंदी आहे, आणि माझ्या विमानातला रिसीव्हर तर त्या भाषेचा मुळीच नाही. पण जुन्या चांगल्या ट्रान्समीटरच्या पाठीला एक खण असतो. रेडिओचा सगळा कारभार त्या खणातल्या एका डबीत असतो. ती डबी, म्हणजे मॉड्यूल, उपसून काढायची आणि तिच्या जागी आजच्या जमान्याची डबी बसवायची. दांड्या त्याच, आवाज नवा. मी नवं मॉड्यूल मागवलं. काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं, एका अंगाला जाळी, आणि जाळीच्या आत गार ठेवायला नखाएवढा पंखा. फार सुबक वस्तू होती.

ते बसवायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात चहा होतो. आम्हाला शनिवार, रविवार आणि पुढचा आख्खा आठवडा लागला, कारण ते बाबा बसवणार होते. मी डायनिंग टेबलावर माझे छोटे स्क्रू-ड्रायव्हर मांडून ठेवले होते. ते त्यांनी बाजूला सारले आणि खिशातून टेस्टर काढला. नागपूरहून आणलेला, पिवळ्या मुठीचा, आत दिवा असलेला. आमच्या घरात त्याच टेस्टरने फ्यूज तपासले जायचे, डबे उघडले जायचे आणि वेळप्रसंगी नारळही सोलला जायचा. त्याने त्यांनी जुनं मॉड्यूल उचकटलं. मग खणातल्या पिना खोडरबराने घासल्या. मग त्यांवर फुंकर मारली. मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला आणि म्हणाले, वाटी. मी स्क्रू ठेवायला वाटी दिली. इतक्या वर्षांनी माझी बढती झाली होती, बुचावरून वाटीवर.

मॉड्यूलबरोबर आलेल्या कागदावरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी होती. बाबांनी तो भिंगाखाली धरून पूर्ण वाचला, चिनी भाषेतला भागसुद्धा थोडा वेळ बघितला, आणि मग जे करायचं ठरवलेलं होतं तेच केलं. मी दोनदा सांगितलं की नवं मॉड्यूल आणि जुना सेट दांड्यांचा क्रम वेगवेगळा धरतात, तो आधी जुळवून घ्यायला हवा. त्यांनी दोन्ही वेळा 'हूं' केलं. त्यांचं 'हूं' म्हणजे तू बोललीस याची नोंद झाली आहे, पुढची कारवाई होणार नाही.

म्हणून मी गुपचूप विमानाचा प्रोपेलर काढून ठेवला. ते त्यांच्या लक्षात आलंच.

"काय करून राहिलीस तू? इतकी भीती वाटते तर खेळायचं कशाला?"

मग त्यांनी मॉड्यूलचं बटण दाबून रिसीव्हरशी त्याची ओळख करून दिली, दिवा लुकलुकायचा थांबला आणि आम्ही दोघं खूश झालो. बाबांनी विमान वळवायची दांडी आधी डावीकडे लोटली, मग उजवीकडे. पंख हलले नाहीत. मोटर मात्र किंचाळत पूर्ण वेगाने सुटली, आणि हादऱ्याने वाटी टेबलावरून खाली गेली. प्रोपेलर असता तर बाबांचा चष्मा गेला असता, नाकासकट. नवरा वरच्या खोलीतून ऑफिसच्या कॉलवरून उठून धावत आला. मी बॅटरी काढली. बाबांनी टेस्टर खिशात ठेवला.

"मोटर चांगली आहे," बाबा म्हणाले.

त्यानंतर दांड्यांचा क्रम मी जुळवला. सिग्नल तुटला तर मोटर बंद करून विमानाने सरळ तरंगत खाली यायचं, हेही मी रिसीव्हरला शिकवून ठेवलं. बाबा त्या वेळी खिडकीतून शेजाऱ्याचं गवत बघत होते. काम संपल्यावर त्यांनी फोनवरून नागपूरला मित्राला कळवलं की मॉड्यूल बसवलं बाप्पा, जरा किचकट होतं, पण बसवलं.

रविवारी सकाळी ते माझ्याआधी तयार होते. कडक इस्त्रीची पँट, टाय, गळ्यात शिट्टी. शिट्टी का, ते मी विचारलं नाही. आणि मांडीवर सेट, नव्या कव्हरात. आठवडाभर माझ्या शिलाई मशीनवर काय चाललं होतं याचा तेव्हा उलगडा झाला. माझ्या गादीची जाड प्लॅस्टिकची पिशवी कापून त्यांनी सेटला अंगाबरोबर आंगडं शिवलं होतं. दांड्यांना भोकं, एरियलला भोक, बटणांवर पारदर्शक खिडकी, आणि पाठीवर मॉड्यूलसकट सगळं चिकटपट्टीने बंद. आमच्याकडे टीव्हीचा रिमोट, फ्रिजचं हँडल, स्कूटरची सीट, सगळं जन्मभर असंच प्लॅस्टिकमध्ये राहिलं आणि प्लॅस्टिकमध्येच भंगारात गेलं. नवी वस्तू उघडी वापरणं हे बाबांना जवळजवळ अनैतिक वाटतं. इथल्या दमट हवेत त्यांना ते जास्तच जाणवलं असणार.

मी मनाशी म्हटलं, प्लॅस्टिकमधून रेडिओलहरी जातात. ही माझी तज्ज्ञ बाजू. माझी दुसरी बाजू म्हणाली, आज ते आले आहेत, आणखी काही शोधत बसू नकोस.

क्लबात बाबा लगेच लोकप्रिय झाले. आमचे चेअरमन पंचाहत्तरीचे आहेत, आणि क्लबातले बाकीचे सगळे त्यांच्याच आगेमागे. फोल्डिंगच्या खुर्च्या, थर्मास, आणि जगात कशाचं वाटोळं झालं यावर एकमत. त्यांना बाबांच्या रूपाने जणू हरवलेला भाऊ भेटला. मला तिथे पहिली दोन वर्षं सगळे 'तुझे मिस्टर कुठे आहेत' असं विचारत होते, कारण विमान माझं असेल असं कोणाला वाटत नसे. बाबांना मात्र येताक्षणी खुर्ची मिळाली, चहा मिळाला आणि तारेवरच्या विमानांबद्दल व्याख्यान द्यायची संधी मिळाली. परीक्षा दिलेली नसल्यामुळे त्यांना एकट्याने उडवता येणार नव्हतं, ते मी करणार होते. चेअरमननी सेटचं कव्हर बोटाने दाबून बघितलं आणि 'रिमार्केबल' म्हणाले. हा शब्द इंग्रज लोक कशाकशासाठी वापरतात ते बाबांना माहीत नव्हतं. ते खुलले.

मी सेट कमी ताकदीवर ठेवून लांबपर्यंत चालत जाऊन सिग्नल तपासला. ठीक होता. बाबा खुर्चीतून उठून कडेला, पांढऱ्या रेषेपाशी येऊन उभे राहिले. मी मोटरचा थ्रॉटल पुढे केला. विमान गवतावर थोडं धावलं आणि उठलं.

मी एक मोठं वळण घेतलं, मग आडवा आठ काढला. माझे हात थोडे कापत होते, त्या प्लॅस्टिकच्या आत दांड्या चुरचुर वाजत होत्या, पण विमान माझं ऐकत होतं. चेअरमन मागून 'व्हेरी नाइस' म्हणाले. बाबा काहीच म्हणाले नाहीत, म्हणून मी आणखी उंच नेलं. जुलैचं ऊन होतं. मी उलटी कोलांटी घ्यायला वळवलं, आणि सेट माझ्या हातात टूं टूं करायला लागला. दांडी ओढली, काही झालं नाही. दुसरी ओढली. विमान माझं राहिलं नव्हतं. मग मोटर बंद झाली, आणि मी शिकवून ठेवलं होतं तसं ते आज्ञाधारकपणे सरळ तरंगत मैदान ओलांडून पलीकडच्या बार्लीच्या शेतात उतरलं.

मी सेट उलटा केला. पाठीवर हात ठेवला तर मॉड्यूल तापलं होतं, प्लॅस्टिक आतून धुरकट झालं होतं. नखाएवढ्या त्या पंख्याला ओढायला हवाच नव्हती. बिचारा स्वतःचाच गरम श्वास घेत फिरत राहिला असणार. मी सेट बाबांच्या पुढे धरला. त्यांनी त्यावर तळवा ठेवला आणि चटकन उचलला. त्यांना कळलं. मला कळलं की त्यांना कळलं.

तेवढ्यात चेअरमन आले, फार वाईट वाटल्यासारखा चेहरा करून. काय झालं असेल, असं त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघून नाही, बाबांकडे बघून.

बाबांनी टाय सरळ केला.

"पायलट एरर, सर."

चारचौघांत वडिलांना खोटं पाडायचं नाही, हे आमच्यात बाळकडूबरोबर पाजतात, आणि मी ते बाकी सगळ्या गोष्टींबरोबर विमानात घालून इथवर आणलं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे समजूतदारपणे बघितलं. एकाने सांगितलं की सुरुवातीला सगळ्यांचंच होतं असं. मी तिथे सहा वर्षं उडवते आहे. मी बार्लीत शिरले, विमान शोधलं, आणि तिथे कोणी बघत नाही असं पाहून रडले. विमानासाठी नाही. विमानाचा फक्त प्रोपेलर मोडला होता.

परत येऊन मी डब्यातला दुसरा प्रोपेलर लावला. मग कात्री घेतली आणि ते आंगडं पाठीपासून गळ्यापर्यंत कापलं. बाबा 'अगं, अगं' म्हणाले. मी मॉड्यूल उघडं वाऱ्यावर धरून गार होऊ दिलं, पुन्हा सिग्नल तपासला आणि कोणालाही न विचारता विमान पुन्हा वर नेलं. या वेळी मी मागे कोण आहे ते बघितलं नाही. आठ काढले, कोलांट्या घेतल्या, मैदानावरून पाठीवर उलटं झालेलं विमान इतक्या खालून नेलं की एकाने चहा सांडला. राग आलेला असला की हात कापत नाहीत, हे मला त्या दिवशी समजलं.

उतरवून मी सेट बंद केला. मागे वळले तर चेअरमन बाबांशी हस्तांदोलन करत होते. असा सुंदर हात आहे मुलीचा, तुम्हीच शिकवलंत का, असं ते विचारत होते.

"येस सर," बाबा म्हणाले. "फ्रॉम चाइल्डहुड."

मी तिथे गेले. आवाज चढवला नाही.

"नो, ही डिडन्ट. ही नेव्हर लेट मी टच वन. आय लर्न्ट हिअर. अँड द फर्स्ट वन वॉजन्ट पायलट एरर, इट वॉज द कव्हर."

आयुष्यात पहिल्यांदा मी हे केलं होतं, आणि तेही परक्या लोकांसमोर. बाबा बुटांकडे बघत राहिले. चेअरमनना अचानक आठवलं की पश्चिमेकडे ढग दिसत होते, ते बघायला ते गेले. इंग्रज माणसाला दुसऱ्याच्या घरातलं भांडण दिसलं की हवामानाची जबाबदारी आठवते.

परतताना गाडीत बाबांच्या मांडीवर सेट होता, कापलेल्या आंगड्यासकट. मला वाईट वाटत होतं, आणि आपल्याला वाईट का वाटावं याचा रागही येत होता. मिल्टन कीन्समध्ये घरी जायचं म्हणजे एकामागून एक राउंडअबाउट, चौकाचौकातली गोल बेटं. तिसऱ्या की चौथ्या राउंडअबाउटवर ते बोलले.

"हात लावू दिला असता तर तू शिकली नसतीस."

माझा वळायचा रस्ता चुकला आणि मी त्याच राउंडअबाउटला पुन्हा एक फेरी मारली. हा माणूस हरणार नाही, माफी मागणार नाही, आणि मला हवं ते वाक्य त्याच्याकडे नाही, हे मला त्या फेरीत पुरतं समजलं. मग ते खिडकीबाहेर बघतच म्हणाले,

"लँडिंग लांब झालं. वारा पाठीवर होता, पॉवर आधी कमी करायची. आणि उलटं नेताना नाक जरा वर धरत जा, खाली येत होतं."

हा आवाज मी ओळखत होते. मैदानाच्या मध्ये विमान फिरवणाऱ्या मुलांवर ते याच आवाजात ओरडायचे, आणि मी लांब उभी राहून तो ऐकायचे. घरात त्यांनी तो माझ्याशी कधी वापरला नव्हता. म्हणजे त्यांनी सगळं बघितलं होतं, उड्डाणापासून उतरण्यापर्यंत, एक वळणसुद्धा न सोडता. मला ते पुरलं नाही, हेही सांगून टाकते. पण लँडिंग खरंच लांब झालं होतं, म्हणून मी "हो" म्हटलं.